वास नसल्याचा दाखला

मंगळवार, ३

वस्तीची बाजू बघणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, रोजच्या वासाची नोंद ठेव, तारीख-वार घालून. पुढे उपयोगी पडेल. म्हणून ही वही घेतली.

वास: आज नाही.

आज नाही हेच तर दुखणं आहे. आमच्या वस्तीला लागून हाडं उकळून सरस बनवणारा कारखाना आहे. एरवी तो आमच्या नाकात मुक्कामाला असतो, पण तपासणी असली की असा गप्प बसतो की जणू आत अत्तर भरतात. आज तपासनीस आले. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी मान वर केली, श्वास घेतला आणि कागदावर लिहिलं, "आक्षेपार्ह वास आढळला नाही." मग म्हणाले, रहिवाशांपैकी कुणीतरी साक्षीदार म्हणून सही करा.

सगळ्यांनी मला पुढे ढकललं. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे वस्तीत कुठेही कागद दिसला की मला हाक मारतात. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते सांगायलासुद्धा.

मी कागद नीट वाचला. जे लिहिलं होतं ते खरं होतं. त्या वेळी वास नव्हता. मी सही केली.

"काय होतं गं त्यात?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं. काका जन्मभर बस चालवून निवृत्त झाले आणि आता आमच्या कृती समितीचे अध्यक्ष आहेत. मी सेक्रेटरी. मी त्यांना वाचून दाखवलं. काका माझ्याकडे बघत राहिले, चुकीच्या बाजूने अंगावर येणाऱ्या गाडीकडे बघावं तसे.

"पण काका, ते खरं होतं," मी म्हणाले.

"हो ना," काका म्हणाले. "तेच तर."

बुधवार, ४

वास: असह्य. कालचाही आजच वसूल केला.

वस्तीत माझ्याशी कुणी बोलत नाही. सलूनवाले दादा मला बघून गिऱ्हाइकाला म्हणाले, "हळू बोला, आमच्या सेक्रेटरीबाईंना वास येत नाही."

घरी आल्यावर पाहिलं तर दारात धुतलेल्या चादरींचं गाठोडं परत आलेलं. आई लोकांचं धुणं करते. तिच्या हातचं पांढरं म्हणजे पांढरं, हे सगळं शहर मान्य करतं; पण आमच्या गच्चीवर वाळत घातलं की कापड तो वास पिऊन घेतं आणि सोडत नाही. म्हणून हल्ली आई ओलं धुणं पाठीवर घेऊन टेकडीपलीकडे मावशीच्या गच्चीवर जाते. तिकडे वारा उलटा आहे. ह्या चादरी एका दिवशी घाई म्हणून तिने इथेच घातल्या होत्या, त्या परत आल्या.

कारखान्याला आणखी भट्ट्या घालायच्या आहेत. परवानगी मिळाली तर वास टेकडी ओलांडेल. मग आईने कुठे जायचं? आणि मी सही करून आले.

सही केल्याचं वर लिहून बसले, म्हणजे ही वही आता कुणाला दाखवता येणार नाही. वासासाठी दुसरी घेतली. ही माझी.

शनिवार, ७

वास: मध्यम. (सवयीने लिहिलं.)

भट्ट्यांबद्दल जनसुनावणी लागली आहे. २६ तारखेला, भर कामाच्या दिवशी सकाळी, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वातानुकूलित हॉलमध्ये. नोटीस लावली होती म्हणे. सरकारी कचेरीत, झेरॉक्स मशीनच्या मागे. वकीलबाईंनी मशीन सरकवून ती वाचली.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना समजावलं. "तुम्ही तिथे भीक मागायला जात नाही. तुमच्या हवेचा प्रश्न आहे, तुम्हाला विचारल्याशिवाय त्यांना ठरवता येत नाही. ऐकून घ्यायला ते बांधील आहेत."

"ऐकून घ्यायला बांधील आहेत," सलूनवाले दादा म्हणाले, "हुंगायला नाहीत ना."

सुनावणी वस्तीतच घ्यावी असा अर्ज मी लिहिला. तीनदा लिहिला, कारण पहिल्यात "नम्र विनंती" फार नम्र वाटत होतं आणि दुसऱ्यात उद्धट.

मंगळवार, १०

अर्जाला उत्तर आलं. "सदर ठिकाणचे वातावरण बैठकीस अनुकूल नसल्याने विनंती मान्य करता येत नाही." मला रडू आलं. सलूनवाल्या दादांनी मात्र ते उत्तर दोनदा वाचायला लावलं आणि आरशाशेजारी चिकटवायला मागितलं. मूळ प्रत देता येणार नाही असं मी सांगितलं. झेरॉक्स दिली.

दुपारी एक हवालदार आले. विचारायला लागले, पुढारी कोण, सभेला कोण कोण येतं, नावं द्या. मी म्हणाले, "साहेब, तुमच्याकडे लेखी काही आहे का? लेखी असेल तर मी लेखी उत्तर देईन. लोकांनी एकत्र बसून बोलणं गुन्हा आहे का, तेही त्यात लिहा म्हणजे बरं." बोलताना मी त्यांच्या पट्ट्याकडे बघत होते, तोंडाकडे बघायचा धीर नव्हता.

ते नाकाला रुमाल लावून उभे. आईने चहा पुढे केला आणि विचारलं, "रुमाल कशाला लावलाय?"

"धूळ आहे," हवालदार म्हणाले.

"द्या इकडे, धुवून देते. गच्चीवर वाळत घालते, तासाभरात मिळेल."

हवालदार गच्चीकडे बघून म्हणाले, राहू द्या. चहा अर्धा ठेवूनच गेले. आई नको तिथे आदरातिथ्य करते. तो माणूस चौकशीला आला होता, कपडे द्यायला नाही.

शुक्रवार, १३

वास: तीव्र. सभा: त्याहून तीव्र.

सलूनवाल्या दादांनी ठराव मांडला. सुनावणीच्या दिवशी कारखाना बंद असणार, हॉल लांब असणार, मग साहेबांना कळणार कसं? तर सडलेल्या माशांचं पोतं आदल्या दिवशी हॉलच्या स्टेजखाली सरकवायचं. "वास कसा असतो ते एकदा कळू दे त्यांना."

टाळ्या पडल्या. मी उभी राहिले. सेक्रेटरीने इतिवृत्त लिहायचं असतं, भाषण करायचं नसतं, पण माझ्याच्याने बसवलं नाही.

"हा खोटा पुरावा होईल," मी म्हणाले.

"खोटा कसा? मासे खरेच आणणार आहे."

"पण वास आपला नाही ना तो. त्यांनी आहे तो वास लपवला आणि आपण नाही तो आणला, तर मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? उद्या पोतं सापडलं तर आपलं खरं दुखणंही सोंग ठरेल."

"तू सही केलीस तेव्हा खरं बोललीस," मागून कुणीतरी म्हणालं. "काय मिळालं?"

मी तेही इतिवृत्तात लिहून घेतलं.

मग हात वर करून मतदान घेतलं. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. मी पुन्हा मोजलं, तरी सारख्या. अध्यक्षांचं मत निर्णायक. ड्रायव्हरकाका डोळे मिटून बसले. "जन्मभर सिग्नल पाळला," ते म्हणाले. "म्हटलं होतं, म्हातारपणी एकदा तरी तोडायचा. पण ही पोरगी इतकी थरथरतेय की मला तोडवत नाही." ठराव फेटाळला.

आईने कुठल्याच बाजूला हात वर केला नव्हता. मी म्हणाले, "आई, तुझं मत नोंदवायला हवं."

ती मुलाच्या सदऱ्याला लागलेला कसला तरी डाग नखाने खरवडत होती, मूल दुसऱ्याचंच. "बघते म्हणाली, असं लिही."

तसं लिहिता येत नाही. मी "तटस्थ" लिहिलं.

शनिवार, १४

झोप नीट लागली नाही. ठराव मंजूर झाला असता तर? बहुमताचा निर्णय अमलात आणणं हे सेक्रेटरीचं काम. म्हणजे मासे मलाच आणावे लागले असते. लोकशाही चांगलीच गोष्ट आहे, पण तिच्यात बरोबर असण्याची हमी नाही हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. राजीनाम्याचा मसुदा करून ठेवला. तारीख घातली नाही.

बुधवार, १८

आज विचित्र प्रकार झाला. डेकोरेशनवाले टेम्पो घेऊन आमच्या दारात. सुनावणीच्या हॉलची सजावट कारखान्याने त्यांना दिली आहे. सगळ्या खुर्च्यांना पांढऱ्या खोळी, टेबलांना पांढरी कापडं. "मॅनेजरसाहेबांनी बजावलंय, पांढरं म्हणजे बगळ्यासारखं पाहिजे," ते आईला म्हणाले. "तुमच्याशिवाय कुणाचं नाव डोळ्यासमोर आलं नाही."

मी आईला आत बोलावलं. "आई, हे आपल्याला घेता येणार नाही. आपण विरोधी पक्ष आहोत. हितसंबंध आड येतात."

"कुणाच्या आड येतात?"

"म्हणजे आपण त्यांचंच काम घ्यायचं आणि त्यांच्याच विरुद्ध बोलायचं, हे बरं दिसत नाही."

"मळलेलं कापड कुठल्या पक्षाचं नसतं," आई म्हणाली आणि टेम्पोतून गाठोडी उतरवायला गेली.

मी वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "धुणं धुणं हा तिचा व्यवसाय आहे, तो करण्याचा तिला हक्क आहे. तू भाषणाची तयारी कर." तरी मला ते पटलेलं नाही. तसं इतिवृत्तात लिहून ठेवलं आहे.

रविवार, २२

वास: वहीत "असह्य"च्या पुढे शब्द ठेवला नव्हता ही चूक झाली. सुनावणीच्या दिवशी बंद ठेवायचं म्हणून कारखाना आधीच सगळं काम उरकून घेतोय. रात्रंदिवस धूर.

आणि नेमक्या ह्याच दिवसांत आईने खोळी आमच्याच गच्चीवर वाळत घातल्या. मी वर गेले तर सगळी गच्ची पांढरी, आणि कारखान्याचा धूर तिच्यावरून सावकाश चाललेला.

"आई, मावशीकडे का नाही नेल्यास?"

"पाय दुखतात गं."

मला इतकं अपराधी वाटलं. इतके दिवस ती ओझं घेऊन टेकडी चढते आणि मी एकदाही विचारलं नाही. म्हटलं, मी नेते. तर म्हणाली, "तू भाषण पाठ कर. तुला दर वाक्याला अडखळायची सवय आहे."

त्या सुकल्या तरी तिने काढल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीपर्यंत तशाच ठेवल्या. बहुतेक जिना चढवत नसेल.

मंगळवार, २४

आईची मला काळजी वाटायला लागली आहे. आज तिने खोळींना इस्त्री केली. एरवी शेवटी ती सुगंधी पाणी शिंपडते. आज म्हणाली, संपलंय. कपाट उघडलं तर बाटली जवळजवळ भरलेली. तिच्या लक्षातून गेलं असणार. वय होतंय.

इस्त्री करताना तिने नाकावर फडकं बांधलं होतं. विचारलं तर म्हणाली, वाफ लागते. मग एकेक घडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंडं गच्च बांधली. "धूळ बसायला नको," म्हणाली. कामात अशी चोख बाई मी पाहिली नाही. दिसायलाही अगदी बगळ्यासारख्या झाल्या आहेत. डेकोरेशनवाल्यांनी पिशव्या वरूनच बघून मान डोलावली. त्यांना सर्दी झाली आहे.

पाय चोळायला तेल आणलं. मी चोळत असताना आईला हसू येत होतं. गुदगुल्या होतात म्हणे.

गुरुवार, २६

क्रमाने लिहिते.

सकाळी वास: नाही. कारखाना बंद, चिमणी स्वच्छ. आम्ही सगळे बसने गेलो. ड्रायव्हरकाका बसच्या ड्रायव्हरच्या मागे बसून त्याला गिअर सांगत होते.

हॉल थंडगार. काचा बंद. पांढऱ्या शुभ्र खुर्च्या रांगेने मांडलेल्या, मागे निळ्या फिती. समोर सुनावणी अधिकारी, चष्म्याला दोरी लावलेल्या एक मध्यमवयीन बाई. त्यांच्या शेजारी मॅनेजरसाहेब. त्यांनी पडद्यावर फुलांची चित्रं दाखवली. त्यात आमची गल्लीही होती, पण कुठून तरी झाडं आलेली. "आमच्या कारखान्यातून कोणत्याही प्रकारचा वास येत नाही," ते म्हणाले. "रहिवाशांच्या सहीचा दाखलाच आहे." त्यांनी माझी सही पडद्यावर दाखवली. भिंतीएवढी. मला वाटलं, खुर्चीसकट जमिनीत जावं.

माणसं खुर्च्यांवर टेकून बसली होती, हॉल गच्च भरला होता. हळूहळू खोळींना ऊब आली असावी. आधी पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळून बघायला लागले. मग अधिकारीबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. मग मलाही आला.

मी सलूनवाल्या दादांकडे रागाने बघितलं. ठराव फेटाळला होता. त्यांनी दोन्ही हात वर केले. "आईशप्पथ," ते कुजबुजले. "मी मासे नाही आणले. इच्छा होती, पण आणले नाहीत."

"हा वास कसला येतोय?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"हॉलचं गटार तुंबलं असेल," मॅनेजर म्हणाले.

हॉलचा व्यवस्थापक दारातच उभा होता. "आमच्या गटाराला आजपर्यंत कुणी नाव ठेवलेलं नाही," तो म्हणाला. त्याला फार लागलेलं दिसलं.

मी मान खाली घातली आणि नाक खुर्चीच्या पाठीजवळ गेलं. मग कळलं. हा मासा नाही, गटार नाही. हा आमचा वास. आमच्या गच्चीवरचा.

माझी बोलायची पाळी यायची होती. पण अधिकारीबाईंच्या समोर पुरावा म्हणून काहीतरी चाललंय आणि ते कुठून आलं हे मला माहीत आहे, मग गप्प कसं राहायचं? मी उभी राहिले. पाठ केलेल्या भाषणातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"मॅडम, हा वास खुर्च्यांच्या खोळींना आहे. त्या माझ्या आईने धुतल्या. तिचे पाय दुखत होते म्हणून तिने त्या आमच्याच गच्चीवर वाळवल्या. ह्यात आमच्या समितीचा हात नाही. समितीने वास आणायचा ठराव फेटाळला होता, इतिवृत्त माझ्याजवळ आहे." मग राहवेना म्हणून पुढेही सांगितलं. "आणि ती सही माझीच आहे. तीही खरी आहे. त्या दिवशी वास नव्हता. तपासणी असली की कारखाना बंद असतो."

ड्रायव्हरकाकांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं, सगळं मी बुडवलं.

"आई आल्या आहेत का?" अधिकारीबाईंनी विचारलं.

आई उभी राहिली.

"खोळींना मुद्दाम काही लावलं होतं का?"

"साबण लावला," आई म्हणाली.

"आणि वाळवल्या गच्चीवर?"

"माझीच गच्ची आहे."

"नेहमीच असा वास लागतो कपड्यांना?"

"कपडे परत येतात मॅडम. माणसं कुठे परत करायची? ती तिथेच राहतात."

तेव्हा मॅनेजरसाहेब ताडकन उठले. "हा कट आहे. ह्या बाईने खोळी मुद्दाम आमच्या कारखान्याच्या वासात वाळवल्या आहेत."

अधिकारीबाईंनी चष्मा नाकावर चढवला. "कुणाच्या वासात? पुन्हा सांगा, मी लिहून घेते."

मॅनेजर पुन्हा काही सांगेनात. खाली बसायला गेले, खुर्चीकडे बघितलं आणि उभेच राहिले. त्यानंतर आमच्यातला प्रत्येक जण बोलला, ज्याला लिहिता येत नाही तोसुद्धा, आणि बाईंनी प्रत्येकाचं म्हणणं नावानिशी लिहून वाचून दाखवलं. सलूनवाले दादा सगळ्यात लांब बोलले. मॅनेजर शेवटपर्यंत उभे होते.

शनिवार, २८

वास: मध्यम.

आदेश आला. भट्ट्यांचा निर्णय थांबवला आहे. पुढची सुनावणी आमच्या गल्लीतच, आणि तोपर्यंत तपासणी न कळवता, कोणत्याही दिवशी. वातावरण अनुकूल नसल्याचा मुद्दा अधिकारीबाईंनी स्वतःच्या हाताने खोडला आहे. जिंकलो नाही, असं वकीलबाई म्हणतात. पण आता ऐकल्याशिवाय आणि हुंगल्याशिवाय कुणाला ठरवता येणार नाही. वस्तीत पहिल्यांदाच लोक वासाची वाट बघतायत. काल दुपारी जरा कमी झाला तर सलूनवाले दादा बाहेर येऊन काळजीने वर बघत होते.

माझ्याशी सगळे बोलायला लागले आहेत. ड्रायव्हरकाका म्हणाले, "सेक्रेटरी, तुझ्या खरेपणाने एकदा मारलं, एकदा तारलं. तिसऱ्यांदा बोलायच्या आधी मला विचार." राजीनाम्याचा मसुदा फाडला.

काल डेकोरेशनवाले खोळी घेऊन तणतणत आले. सर्दी बरी झाली आहे. आई शांतपणे म्हणाली, ठेवा, पुन्हा धुवून देते, मावशीकडे वाळवते. आणि खरंच आज सकाळी ओलं गाठोडं पाठीवर टाकून टेकडी चढून गेली. मी मागे धावले, म्हटलं, तुझे पाय? तर ती माझ्या दोन पावलं पुढेच.

"तेल चांगलं आहे गं तुझं," म्हणाली.

इतका लवकर गुण येईल असं मला वाटलं नव्हतं. आणखी एक बाटली आणून ठेवते.

आल्यावर तिला म्हटलं, तुझं मत इतिवृत्तात अजून "तटस्थ" आहे. आता बदलायचं असेल तर समितीपुढे मांडून बदलता येईल. तिने खोळीच्या घडीवरून हात फिरवला.

"राहू दे," म्हणाली. "कुणी विचारलं तर मी कुठल्याच बाजूला हात वर केला नव्हता, हे तुझ्याकडे लिहिलेलं बरं."